सहावा खट्

बाबांनी अकरा वर्षं हा प्रश्न विटेने सोडवला.
भट्टीची अक्षरं झिजलेली, एक एस, पुढचं बहुतेक के.
चढावर गाडी लावली की आधी वीट,
मग चष्मा, मग दार.
हँडब्रेक ओढायचे तेही, पण सवयीने,
निघताना नळ बंद आहे ना बघावं तसा.

तुर्भ्याच्या मुश्ताकभाईंनी शूचा जोड देताना विचारलं,
लावणार कोण? म्हटलं, मी.
त्यांनी बिलाच्या मागे स्प्रिंगांचं चित्र काढून दिलं
आणि पैसे पुन्हा एकदा मोजले.

रविवारी सीवूड्सला, सोसायटीच्या पार्किंगमध्ये,
मागची दोन्ही चाकं काढली.
डिस्कच्या पोटात एक छोटा ड्रम असतो.
आतली धूळ फुंकायची नाही, ओल्या फडक्याने टिपायची.
एक स्प्रिंग सुटली ती डबीरकाकांच्या स्कूटरखाली,
पोटावर झोपून काढली.
वॉचमनने दोनदा विचारलं, कुणाला बोलावू का?
दिवे लागले तेव्हा सगळं जागेवर होतं.
लीव्हर ओढला अकरा खट् वर,
आणि कमरेने ढकलली तर गाडी निवांत निघाली.

लावलं म्हणजे बसलं नाही.
भाषेला हे माहीत आहे:
हात बसावा लागतो, घडी बसावी लागते.
(घसाही बसतो, पण ते वेगळं.)
नवं अस्तर, जुना ड्रम,
दोन-चार ठिकाणी टेकतात, बाकी नुसती हवा.
त्यात यांचं काम फक्त उभ्या गाडीत,
त्यामुळे आपले आपण ते कधी शिकणार नाहीत.
शिकवायचं चालत्या गाडीत.

सोमवारी पहाटे उलव्यात,
जिथे टेकडी होती आणि आता सपाट आहे
त्या बाजूचा रुंद, रिकामा रस्ता.
मला दोन्ही हात स्टिअरिंगवर हवे होते
म्हणून शेजारी आई.
म्हटलं, बटण दाबूनच ठेव, सोडू नकोस,
आणि इतकंच ओढ की
गाडीला कळेल, पण ती थांबणार नाही.

बाकी समजावणार होते.
तिने हात ठेवला,
आणि चाळीसच्या वेगात मागून कुणी
पदर धरल्यासारखी गाडी जड झाली.
ना झटका, ना कमी-जास्त.
तीसेक वर्षं शिलाई मशीनचं चाक
तिने याच तळव्याने आवरलं होतं,
शेवटचा टाका काठाच्या बाहेर जाऊ नये म्हणून.
तिने कधी गाडी चालवली नाही.
थांबवायचं कसं ते मात्र तिला विचारावं.

चारशे मीटर. सोड.
मग नुसतंच हिंडायचं, ड्रम निवेपर्यंत.
करपल्या पोळीचा आणि लोखंडाचा मिळून वास.
पुन्हा चारशे. पुन्हा हिंडणं.
तिसऱ्या फेरीनंतर तिने विचारलं,
बसली का शू?
आणि स्वतःच इतकी हसली
की मला गाडी कडेला घ्यावी लागली.

रबरी बूच काढून स्क्रूड्रायव्हरने चकती
आणखी दोन दात फिरवली.
मग बेलापूर, पारसिक हिलचा चढ,
बंगल्यांच्या वळणाआधीचा, तिरपा, वाईट.
गिअर काढला. लीव्हर ओढला.
एक दोन तीन चार पाच,
सहाव्या खट् ला हाताला काहीतरी भरीव लागलं.
पायाचा ब्रेक सोडला.

गाडी बोटभर मागे सरली,
जशी एखादी बाई खुर्चीत नीट टेकून घेते,
आणि राहिली.

आम्ही दोघी उतरून मागे उभ्या राहिलो.
चाकाखाली काही नाही, हे बघायलाच.
आईने बंपरला हात लावला, ढकललं नाही.

डिकी उघडून मी वीट बाहेर काढली,
कुठे ठेवू म्हणून इकडेतिकडे बघितलं.
ठेव आत, आई म्हणाली.
मागे जरा वजन असलेलं बरं,
खड्ड्यात आदळत नाही.